कधी लागतंय, कधी लागंना

रिपेअरिंगच्या धंद्यात मला सगळ्यात जास्त भीती या वाक्याची वाटते. पूर्ण बंद पडलेली वस्तू माणूस कोपऱ्यात टाकून देतो. पण मधूनच चालणाऱ्या वस्तूला तो सोडत नाही, झटत राहतो आणि नको ते उपाय करून बसतो.

गेल्या आठवड्यात एक पोरगा दुकानात आला. वय एकोणीस, अहमदपूरकडचा, क्लाससाठी लातूरला रूम करून राहणारा. दोन गिऱ्हाईकं उभी होती, ती गंजगोलाईकडं वळेपर्यंत हा बाहेरच थांबला. मग रुमालात गुंडाळलेली तांब्याची नळी काउंटरवर ठेवली. "काका, बघा की जरा. दाबलं की कधी लागायलंय, कधी लागंना."

मेकॅनिकल मॉड होता तो. व्हेपचाच, म्हणजे ई-सिगारेटचाच प्रकार, पण आत सर्किट नाही, फ्यूज नाही. एक १८६५० सेल, म्हणजे चार्जिंगचा लिथियम सेल, वर तापून लिक्विडची वाफ करणारी कॉइल, खाली बटण. बटण दाबलं की सेल थेट कॉइलला. जास्त करंट ओढला तर तोडणारं मधे कुणीच नाही.

मी आधी सेल बाहेर काढला. अशा वस्तूत पहिलं काम तेच, बाकी सगळं नंतर. सेलबरोबर चॉकलेटच्या कागदाची चांदी बाहेर आली. कॉन्टॅक्ट लागावा म्हणून त्यानं ती घडी करून प्लसच्या टोकावर ठेवली होती. माझ्या अंगावर काटा आला. या सेलचं अख्खं पत्र्याचं अंग मायनस असतं. प्लसची टोपी आणि त्या पत्र्याची कड यांच्यामधे एक पातळ रिंग आणि वरचं प्लॅस्टिकचं आवरण, एवढाच आडोसा. त्याचं आवरण कडेला फाटलेलं होतं. चांदी दोन मिलिमीटर सरकली असती तर सेलचा प्लस-मायनस थेट शॉर्ट झाला असता, तोही बंद धातूच्या नळीत, खिशात.

आणि सेलच्या दोन्ही टोकांना वेल्डिंगचे बारके ठिपके. म्हणजे लॅपटॉपच्या जुन्या बॅटरीतून उपसलेला. हिशोब करून बघा: भरलेला सेल ४.२ व्होल्ट, कॉइल पाव ओहमची, म्हणजे जवळपास १७ अँपिअर. लॅपटॉपचे बहुतेक सेल इतका करंट द्यायला बनवलेलेच नसतात.

आता मूळ बिघाड. सेल बाहेर ठेवूनच बटण ते नळी असं मीटर लावलं आणि वीसेक वेळा दाबलं. दर वेळी वेगळा आकडा, कधी काहीच नाही. दोष बटणातच. आट्यांत लिक्विडचा चिकटा आणि तांब्यावर काळा थर. स्प्रिंग दबून बसलेली. हा थर नुसता दिसायला किरकोळ. तिथं ०.०५ ओहम जरी वाढला तरी करंट १४ अँपिअरवर येतो आणि त्या बटणात दहा वॅटच्या आसपास उष्णता तयार होते. त्या तापानं स्प्रिंग मऊ पडते, दाब कमी होतो, कॉन्टॅक्ट आणखी बिघडतो. त्याला विचारलं, बटण गरम लागायचं का? म्हणाला, "लई. पण मला वाटलं तसंच असतंय."

कॉइलचा एक स्क्रूही ढिला होता. थंड असताना लागायचं, तापलं की सुटायचं, त्यातलं थोडं तिथलंही होतं. तांबं चिंचेनं घासून, धुऊन, वाळवून आटे स्वच्छ करता येतात. स्प्रिंग बदलता येते. शेतातल्या टॉर्चचं, फवारणी पंपाच्या स्विचचं हेच काम मी रोज करतो. पण हे मी चालू करून दिलं नाही, आणि का दिलं नाही ते त्याला समोर बसवून सांगितलं.

तो माझ्याआधी दोन दुकानांत जाऊन आला होता. दोन्हीकडं त्याला दारातूनच घालवलं. चांदी घातली ती त्यानंतर. मला बोलायचंय ते यावरच. २०१९ च्या कायद्यानं ई-सिगारेट विकणं, बाहेरून आणणं, साठवणं गुन्हा आहे, आणि बंदी योग्यच आहे असं माझं मत आहे. पण वस्तू चोरून येते म्हणून तिच्याबरोबर धड माहिती येत नाही, आणि बिघडली तर पोरानं विचारायचं कुणाला? घरी सांगता येत नाही, रूमवर सगळे त्याच्याच वयाचे. रिपेअरिंगवाल्या माझ्या भावांनो, दुरुस्त करून देऊ नका, पण सेल तेवढा काढून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे. आईवडिलांनाही हात जोडून सांगतो, अशी नळी सापडली तर ओरडायच्या आधी सेल बाहेर काढा, टोकांना चिकटपट्टी लावा. किल्ल्या-चिल्लर असलेल्या खिशात सुटा सेल कधीच ठेवू देऊ नका.

नळी त्यानं माझ्याकडंच ठेवली. जाताना विचारलं, "काका, घरी सांगणार न्हाईत ना?" नाही म्हणालो. पण रूमवर आणखी दोघांकडं आहेत, असं तोच बोलून गेला. त्यांना घेऊन ये म्हटलंय. रविवारी दुकान उघडं ठेवणार आहे.