सहा पावलांचे लग्न

प्रेम नवे असते तोवर काही प्रश्न दोन्ही पक्षांकडून मोठ्या शिताफीने टाळले जातात. पगार हातात किती पडतो, घराचा हप्ता कितीचा आहे, पुढे कोणी कोणाच्या गावी राहायचे, हे विषय संध्याकाळी नागपूरच्या फुटाळा तलावाच्या काठावर बसलेल्या दोन माणसांमध्ये निघत नाहीत. निघाले तर संध्याकाळ तिथेच संपते. असे प्रश्न विचारण्यासाठी समाजाने आत्या, मामा आणि मोठे काका यांची कायमस्वरूपी नेमणूक केलेली आहे. ही मंडळी कधी ना कधी येणार, पण इतक्यात नाही, या भरवशावर आम्ही दोघे सुखात होतो. आमच्या मित्रमंडळाने ती ऐन मे महिन्यात, प्रतापनगरातल्या एका गच्चीवर, भाड्याच्या फेट्यांसह हजर केली.

खोटे लग्न ही सध्याची टूम आहे. दिल्ली-मुंबईकडे लोक तिकीट काढून अशा लग्नांना जातात, नटतात, नाचतात आणि घरी परततात. वर-वधूच नसल्यामुळे मानपानही नाही आणि आहेरही नाही. नागपूरच्या माणसाला मात्र एवढ्यावर समाधान नसते. ‘नवरदेवच नाही, तर मजा काय राहिली बे?’ असा सवाल ग्रुपवर पडला. बाकीची जोडपी एकतर खरोखरच लग्न झालेली होती किंवा त्यांनी एकमेकांशी बोलणे सोडलेले होते. त्यामुळे सर्वांत नवी, आणि म्हणूनच नकार द्यायला सर्वांत असमर्थ, अशी जोडी म्हणून आमची निवड झाली. नाही म्हटले तर समोरच्याला भलताच अर्थ लागेल, अशी भीती दोघांनाही वाटली असावी, कारण आम्ही एकाच वेळी ‘हो’ म्हणालो. कितीतरी खरी लग्नेही अशीच ठरत असावीत, अशी माझी दाट शंका आहे.

दिवसभर ४५ अंशांच्या आसपास तापलेली गच्ची रात्री नऊ वाजताही पायाला चटके देत होती. मला भरजरी शेरवानी चढवण्यात आली आणि जानोसा म्हणून पाण्याच्या टाकीमागची जागा देण्यात आली. एकुलता एक कूलर वधुपक्षाकडे गेला, कारण वधुपक्ष आधी येऊन बसला होता. तिने आईची हिरवी पैठणी नेसली होती आणि इतवारीतून आणलेल्या मुंडावळीचे मोती तिच्या चष्म्याच्या काडीत असे अडकले होते, की मान वळवली की चष्मा कपाळावर चढे आणि मला ओळखण्यासाठी तिला तो पुन्हा खाली ओढावा लागे.

कार्यक्रमपत्रिकेनुसार आधी बोलणी होती. वधूची आत्या झालेली मैत्रीण एरवी विमा कंपनीत दावे तपासते. तिने मला समोर बसवून आधी पगार विचारला, मग त्यातून काय काय कापले जाते ते विचारले. स्वयंपाक येतो का, या प्रश्नावर मी वडाभात करतो असे सांगितले, तेव्हा डाळी कोणत्या भिजवतोस, हा पुढचा प्रश्न तिच्याजवळ तयारच होता. मी घाम पुसत होतो आणि वधू पदर सावरत, मोठ्या उत्सुकतेने, ज्या गोष्टी मला विचारायचा तिला आजवर संकोच वाटला होता त्यांची उत्तरे कूलरसमोर बसून ऐकत होती.

“मुलीनं नोकरीसाठी बाहेरगावी जायचं म्हटलं तर?” आत्याबाईंनी विचारले.

मी फेटा सावरला आणि, आमच्या घरात पूर्ण स्वातंत्र्य आहे, बाईमाणसाने आपल्या पायावर उभे राहिले पाहिजे, कोणतेही शहर असो, माझी काडीचीही हरकत असणार नाही, असे एक छोटेसे भाषण केले. टाळ्या पडल्या. त्या थांबायच्या आत वधूचा मामा झालेला मित्र अत्यंत निष्पाप चेहऱ्याने म्हणाला, “मग झालं तर. पुढच्या आठवड्यात पुण्याला मुलाखत हाये तिची.”

“पुण्याला?” मी म्हणालो. “पुण्याला काहून?”

नागपूरहून पुणे रेल्वेने आठशेहून अधिक किलोमीटर आहे. मुंबई चालली असती, बंगळुरू तर अभिमानाने सांगता आले असते. पण इथल्या घरोघरची मुले शिकली की पुण्याला जातात आणि मग दिवाळीपुरती येतात, हे ज्याने आपल्या गल्लीत पाहिले आहे, त्याचा आवाज त्या नावापाशी जरा चिरकतोच. चिरकलेला आवाज सर्वांनी ऐकला. तिने तर चष्मा नीट करून माझ्याकडे पाहिले.

अंतरपाट म्हणून घरातली चौकड्यांची चादर धरण्यात आली. मंगलाष्टके मोबाईलवरून वाचली जात होती आणि दर दुसऱ्या कडव्याला पडदा विझत असल्यामुळे ‘सावधान’ शब्द भलत्याच ठिकाणी येत होता, जरी मला तो प्रत्येक वेळी योग्य ठिकाणी आल्यासारखा वाटला. चादरीपलीकडून कुजबुज आली, “सांगणार होते.” मी विचारले, “कधी?” तेवढ्यात अक्षता पडल्या.

उखाण्यांचा आग्रह झाला. ‘फुटाळ्याच्या काठावर सुटला गार वारा’ अशी सुरुवात करून, मध्ये तिचे नाव गुंफून, ‘आता तरी कूलर माझ्याकडे फिरवा जरा’ असा शेवट मी केला. तिने मात्र फार विचार केला नाही. ‘संत्र्याच्या बर्फीला चांदीचा वर्ख, अमुकरावांच्या बोलण्यात नि करण्यात फरक!’ वधुपक्षाने गच्ची डोक्यावर घेतली. वरपक्ष माझा होता, पण त्यानेही घेतली.

सप्तपदीच्या वेळी, अग्नी म्हणून, डासांची कॉइल मध्यभागी ठेवण्यात आली. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात वकिली करणारा मित्र तोपर्यंत पन्हे पीत स्वस्थ बसला होता. आम्ही चौथ्या पावलावर असताना तो अस्वस्थ झाला आणि सहावे पडताच मध्ये येऊन उभा राहिला. हिंदू विवाह कायदा १९५५ च्या कलम ७ नुसार, जिथे सप्तपदीची रूढी आहे तिथे सातवे पाऊल पडले की विवाह पूर्ण आणि बंधनकारक होतो. विधीच झाले नसतील तर नुसत्या प्रमाणपत्राने लग्न होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली म्हटले आहे, आणि इथे तर प्रमाणपत्र सोडून सगळे विधी चालले आहेत, असे तो एका दमात बोलला. ही कॉइल आहे, असे कोणीतरी निदर्शनास आणले. अग्नी केवढा असावा हे कायद्यात दिलेले नाही, असे त्याने सांगितले.

लग्न तिथेच तहकूब झाले. सप्तपदीत प्रत्येक पावलाला एकेक मागणे असते. अन्न, बळ, धन, सुख ही पहिल्या चारांत येतात. संतती पाचव्यात आणि ऋतू सहाव्यात. म्हणजे मुलेबाळे आणि नागपूरचा उन्हाळा एवढे सगळे आमच्या पदरात पडले होते. सातवे सख्याचे असते, ते राहिले.

जेवणे झाल्यावर हिशेबनीस वही घेऊन आला. माणशी सातशे रुपये वर्गणी ठरली होती.

“आमचं लग्न सात पावलांचं ठरलं होतं, झालं सहाचं,” ती म्हणाली. “तेव्हा आम्ही माणशी सहाशेच देणार.”

हिशेबनिसाने आशेने वकिलाकडे पाहिले. याला कायद्यात आधार नाही, पण आडकाठीही नाही, असे मत त्याने विनामूल्य दिले. मी ‘आमचं’ आणि ‘आम्ही’ यांवर रेंगाळलो होतो, एवढ्यात वहीत बाराशेचा आकडा पडला आणि, हे कोण देणार, अशी विचारणा झाली.

“नवरदेव,” ती म्हणाली. “माझे पैसे पुण्याच्या तिकिटात गेले.”

मी बाराशे रुपये मोजून दिले आणि परतीचे तिकीट काढले आहे का, एवढेच विचारले. काढले होते, वेटिंगवर होते.