काळं कापड, मिरची आणि धूप: पोपटाच्या ‘त्या’ मेसेजला उत्तर

गेल्या महिन्याभरात एकच मेसेज मला चार ग्रुपवर आला. मजकूर थोडक्यात असा: ‘पोपट फार ओरडतो? तीन दिवसांत गप्प करा. दिवसा पिंजऱ्यावर काळं कापड टाका. ओरडला की तोंडावर पाणी मारा. हिरवी मिरची द्या, जीभ भाजली की आवाज बंद. धूप-कापूर फिरवा, जिवाला शांती मिळते. आरसा टांगा, सोबत होते. तरी ऐकला नाही तर झोपेच्या गोळीचा कण पाण्यात टाका.’ वर फोटो, पिंजऱ्यातल्या हिरव्या राघूचा.

सांगलीच्या गावभागात आमच्या घरी नऊ वर्षांपासून एक कॉकटील, म्हणजे छोटा परदेशी पोपट आहे, चिकू. एके काळी त्याच्या ओरडण्याने शेजारी दार वाजवायचे. त्या दिवसांत हा मेसेज आला असता तर यातलं निम्मं मी केलंही असतं, म्हणून हे लिहिते आहे.

आधी फोटोबद्दल. आपला हिरवा राघू, करण पोपट, टुईया हे सगळे देशी पोपट १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. ते पाळणं आणि विकणं दोन्ही गुन्हा आहे. कुणाकडे असा राघू असेल तर घाबरून पिंजऱ्याचं दार उघडू नका. पिल्लापासून घरात वाढलेल्याला बाहेर दाणा शोधता येत नाही. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. पुढे मी बोलते आहे ते कॉकटील, बजरीगर, लव्हबर्ड, कॉन्यूर अशा परदेशी पोपटांबद्दल.

‘दिवसा काळं कापड टाका.’ कापडाखाली पोपट गप्प होतो, हे खरं. कारण त्याला रात्र झाल्यासारखं वाटतं. पण पोपट हा थव्यात राहणारा पक्षी. सोबतचा पक्षी नजरेआड गेला की तो हाक मारतो आणि पलीकडून उत्तर आलं की निवांत होतो. घरात तुम्हीच त्याचा थवा. तुम्ही स्वयंपाकघरात गेल्यावर सुरू होणारं ओरडणं बहुतेक वेळा ही हाकच असते, आणि त्यावर आपण अंधार टाकतो. शिवाय पक्ष्यांना घामाच्या ग्रंथी नसतात. सांगलीच्या एप्रिलमध्ये जाड कापडाखाली हवा कोंडली, तर चोच उघडी टाकून, पंख अंगापासून दूर धरून धापा टाकणारा पक्षी बघावा लागेल.

रात्रीची गोष्ट वेगळी. दहा-बारा तासांची शांत, अंधारी झोप पोपटाला लागतेच, आणि आपल्या घरात अकरापर्यंत टीव्ही चालू असतो. चिडचिडीचं निम्मं कारण कित्येकदा तिथेच सापडतं. मात्र कॉकटील मिट्ट काळोखात दचकून पंख आपटतात, त्यांच्यासाठी एक बारीक दिवा राहू द्यावा.

पाणी मारण्याबद्दल एवढंच सांगते, की अंघोळ त्यांना आवडते. शिक्षा म्हणून पाणी मारलंत तर तो तुमच्या हाताला भ्यायला लागेल. आरशातल्या पक्ष्याला तो खरा जोडीदार समजतो, त्याला दाणे भरवू बघतो, आरसा काढला की बेचैन होतो आणि माणसांपासून तुटत जातो.

मिरचीचा दावा तर मुळातच चुकीचा. मिरचीचा तिखटपणा ज्या द्रव्यामुळे आपल्या जिभेला झोंबतो, ते पक्ष्यांच्या मज्जातंतूंना तसं जाणवतच नाही. रानमिरचीचं बी पक्षीच पसरवतात. मिरची जरूर द्या, पण खाऊ म्हणून. नुसत्या सूर्यफुलाच्या बियांवर ठेवलेल्या पोपटाला ‘अ’ जीवनसत्त्व कमी पडतं. मिरची, गाजर, शेवग्याचा पाला यांतून ते मिळतं.

धूप-कापराचा मुद्दा वाचून मात्र माझ्या पोटात गोळा आला. पक्ष्यांच्या फुप्फुसांतून हवा एकाच दिशेने वाहते, जोडीला हवेच्या पिशव्या असतात. उडायला लागणारा प्राणवायू भराभर मिळावा अशी ती रचना, पण त्याच वाटेने धूरही भराभर आत जातो. धुराने मलूल पडलेला पक्षी बघणाऱ्याला ‘शांत’ वाटेल. उदबत्ती, मच्छर कॉइल, फोडणीचा ठसका, सगळं त्याच्यापासून लांब ठेवा. त्याहून घातक म्हणजे रिकामा तापलेला नॉनस्टिक तवा. त्याच्या वाफेने पक्षी काही मिनिटांत मरू शकतो आणि आपल्याला वासही येत नाही. चिकू आल्यापासून आमच्याकडे बिडाचाच तवा आहे.

आणि गोळी. कॉकटीलचं वजन साधारण नव्वद ग्रॅम. साठ किलोचा माणूस त्याच्या साडेसहाशे पटींहून जड. गोळीचा ‘कण’ किती, आणि त्यातलं पाणी पक्षी किती प्यायला, हे कोण मोजणार? हा सल्ला पुढे पाठवूच नका.

राहिले ‘तीन दिवस’. जुलै २०२१ मध्ये आयर्विन पुलाशी कृष्णेने पंचेचाळीस फुटांची धोका पातळी ओलांडली, आणि आम्ही चिकूला घेऊन विश्रामबागला नणंदेकडे गेलो. परक्या घरात, माणसांच्या गर्दीत तो आठवडाभर होता. परत आल्यावर कुणी खोलीबाहेर पाऊल टाकलं की किंकाळ्या. मी धावत जायचे, ‘ए, गप’ म्हणून ओरडायचे. त्याला तेच हवं होतं: ओरडलं की आई येते.

मग आम्ही उलट केलं. खोलीबाहेर जाताना मीच आधी शीळ घालायची, स्वयंपाकघरातून अधूनमधून पुन्हा. त्याने शीळ घातली की लगेच उत्तर. किंचाळला की कुणी जायचं नाही, बघायचंही नाही; क्षणभर थांबला की जायचं. पहिल्या आठवड्यात तो दुप्पट ओरडला, आणि इथेच बहुतेक जण हार मानतात. बाजरीचं कणीस वाटीत न देता कागदात गुंडाळून टांगायला लागलो, ते उकलण्यात त्याची सकाळ जायची. दोन महिने लागले. सकाळ-संध्याकाळ तो अजूनही दहा-पंधरा मिनिटं मोठ्याने बोलतो. रानातले पोपटही त्या वेळी बोलतात, ते बंद करायचं नसतं. गणपतीत डॉल्बी येते तेव्हा पिंजरा आतल्या खोलीत जातो, तीन बाजूंनी चादर, समोर मी. चादरीचा योग्य उपयोग हा.

मागच्या वर्षी चिकू एका सकाळी शीळ न घालता बसून राहिला. अंग फुगवलेलं, श्वासाबरोबर शेपटी खालीवर होत होती. पाहुणे म्हणाले, ‘किती शहाणा झालाय.’ आजार लपवणं हा या पक्ष्यांचा स्वभाव. गप्प झालेला पोपट बघितला की थांबायचं नसतं. पक्षी तपासतात का हे फोनवर विचारून आम्ही दुपारीच डॉक्टर गाठला. वजन एकोणऐंशी ग्रॅम भरलं होतं. तेव्हापासून दर रविवारी त्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर बसवून आकडा कॅलेंडरवर लिहिते. या रविवारी त्र्याण्णव.