वाळूखालून वाहणारी नदी

मार्चमध्ये मुलाकडे अमेरिकेत, ॲरिझोनातल्या फिनिक्सला होते. एका रविवारी तो विकेनबर्गजवळच्या हासायाम्पा नदीच्या राखीव क्षेत्रात घेऊन गेला. फिनिक्सला वर्षाला जेमतेम २०० मिलिमीटर पाऊस, आपल्या येवला-नांदगावच्या निम्माही नाही. गावातल्या पुलावरून नदी म्हणून जे दिसलं ते कोरडं वाळूचं पात्र. मनात आलं, हे बघायला एवढ्या लांब आलो?

पण पायवाटेला लागलो आणि सावली सुरू झाली. काठाने उंच कॉटनवुड, त्यांची कोवळी पानं पिंपळासारखी सळसळत होती. आपल्या वाळुंजाचे भाऊबंद होते. आणि त्यांच्या मुळांशी घोटाभर, नितळ, चक्क वाहतं पाणी!

ही नदी साधारण १६० किलोमीटर वाहते, त्यातली बहुतेक वाट वाळूखालून. इथे खालचा खडक वर येतो, म्हणून पाणीही वर येतं. मुलगा हे सांगत होता आणि मला आजी दिसत होती. माझं माहेर नांदगाव तालुक्यातलं. उन्हाळ्यात ओढा आटला की आजी वाळूत झिरा उकरायची. हातभर खोल गेलं की आधी गढूळ पाणी यायचं, ते उपसून टाकायचं, जरा थांबायचं, मग वाटीवाटीने घागर भरायची. ओढा कोरडा पडला, असं तिच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. "पाणी खाली गेलंय," म्हणायची.

तिथे मेस्किटची झाडंही होती. आपली वेडी बाभूळ त्याच कुळातली, तीही मूळची अमेरिका खंडातलीच. इथे ती माळरानं गिळते, तिथे पाखरांना आसरा देते. ज्याची जागा त्याला शोभते.

परत आल्यापासून नाशिकमधल्या नासर्डी नदीच्या पुलावरून जाताना जीव तुटतो. नंदिनी तिचं नाव. टाकळीला ती गोदावरीला मिळते, तिथे समर्थांनी बारा वर्षं तप केलं असं आपण अभिमानाने सांगतो. आणि तिला म्हणतो नाला! एकदा नाला म्हटलं की सांडपाणी सोडायला आणि भिंती बांधायला कुणाचीच हरकत राहत नाही. रामकुंडाच्या परिसरात गोदेच्या तळात काँक्रीट ओतून आपण जिवंत झरे बुजवले. तळ बंद केला की खालचं पाणी वर येत नाही, पावसाचं खाली जात नाही. २०२७ चा कुंभमेळा तोंडावर आलाय, कामं जोरात निघतील. माझं कळकळीचं म्हणणं एवढंच: नंदिनीच्या काठाला मातीची, माणूसभर रुंदीची पायवाट ठेवा. फरशी नको, कारंजं नको. उंबर, करंज, वाळुंज लावा आणि तळाला हात लावू नका.

येत्या रविवारी सकाळी साडेसहाला टाकळीच्या संगमापासून वरच्या अंगाला, जमेल तिथवर काठाने चालणार आहे. नाकाला रुमाल लागेल. ज्यांना यायचंय त्यांनी जरूर या, मुलांनाही आणा.