‘कार्ड असेल तर दोन टक्के जास्त पडतील’

गेल्या महिन्यात पुण्यातल्या एका मोठ्या दुकानात मी वॉशिंग मशीन घ्यायला गेले होते. किंमत ठरली, मशीन घरी कधी पोहोचवायचे ते ठरले, जुने मशीन कितीला द्यायचे यावरची घासाघीसही संपली. मी पर्समधून क्रेडिट कार्ड काढले, तेव्हा काउंटरवरचा मुलगा अगदी सहज म्हणाला, “मॅडम, कार्ड असेल तर दोन टक्के जास्त पडतील.” २८,००० रुपयांवर दोन टक्के म्हणजे ५६० रुपये. ही गोष्ट आधी का सांगितली नाही, यावर मी त्याला चार शब्द सुनावले, यूपीआयने पैसे भरले आणि बाहेर पडले. रिक्षात बसल्यावर मात्र माझा राग निम्मा तरी चुकीच्या माणसावर निघाला असे मला वाटू लागले.

असे वाटण्याचे कारण घरचेच आहे. माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, त्यांनी साताऱ्यात वह्या-पुस्तकांचे दुकान अनेक वर्षे चालवले आणि रात्री गल्ला मोजण्याचे काम शाळेत असल्यापासून माझ्याकडे होते. त्यामुळे काउंटरच्या पलीकडून पैसे कसे दिसतात, हे मला थोडेफार माहीत आहे.

कार्डाने पैसे दिले तर आपल्याला त्याचा वेगळा खर्च जाणवत नाही, कारण तो पावतीवर छापलेला नसतो. दुकानदाराला तो दुसऱ्या दिवशी बँकेच्या खात्यात दिसतो. कार्डाचे यंत्र देणारी बँक रक्कम जमा करताना तिच्यातून एमडीआर नावाचे शुल्क कापून घेते. त्यातला मोठा वाटा ग्राहकाला कार्ड देणाऱ्या बँकेला मिळतो, काही भाग व्हिसा किंवा मास्टरकार्डसारख्या कंपनीला जातो आणि उरलेला यंत्र देणारी बँक ठेवते. क्रेडिट कार्डावर हे शुल्क दोन टक्क्यांच्या आसपास असते आणि त्या शुल्कावर पुन्हा १८ टक्के जीएसटी लागतो. म्हणजे माझ्या २८,००० रुपयांपैकी दुकानदाराच्या हाती २७,३४० रुपयांच्या आसपास पडले असते. ज्या मालावर नफाच बेताचा आहे, तिथे ही कपात झोंबणारच.

पण दुकानदाराची बाजू इथेच संपते. डेबिट कार्डाचे गणित वेगळे आहे आणि ते ग्राहकांनी नीट समजून घ्यायला हवे. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ पासून डेबिट कार्डावरच्या शुल्काला मर्यादा घातली. यंत्रावर कार्ड वापरल्यास वर्षाला वीस लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या दुकानदाराला जास्तीत जास्त ०.४० टक्के आणि त्याहून मोठ्या दुकानदाराला ०.९० टक्के. रुपे डेबिट कार्ड आणि यूपीआय यांवर तर १ जानेवारी २०२० पासून शुल्क शून्य आहे. शिवाय डेबिट कार्डाने पैसे देणाऱ्याकडून दुकानदारांनी जादा पैसे घेऊ नयेत, असे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावले आहे. तेव्हा कोणतेही कार्ड पुढे केले की सरसकट दोन टक्के मागणारा दुकानदार आपला खर्च वसूल करत नसतो, तो त्यातून कमाई करत असतो. क्रेडिट कार्डावर असे पैसे लावू नयेत, अशी अटही बँकेशी केलेल्या करारात बहुतेक वेळा असते, परंतु तो करार ग्राहकाने कधी पाहिलेला नसतो.

आता माझ्या बाजूची अवघड गोष्ट. मी क्रेडिट कार्ड का काढले होते? पैसे नव्हते म्हणून नव्हे, तर पॉइंट्स मिळतात म्हणून. मागच्या वर्षी साठलेल्या पॉइंट्सवर मी एक प्रवासी बॅग मागवली आणि ती फुकट मिळाल्याचा आनंद शेजारीपाजारीही वाटला. ती बॅग बँकेने दुकानदारांकडून कापलेल्या शुल्कातूनच दिलेली असणार, आणि दुकानदार तो खर्च हळूहळू सगळ्याच मालाच्या किमतीत मिसळतो. म्हणजे माझ्यामागे रांगेत उभी राहून रुमालात बांधलेल्या नोटा मोजून देणारी बाई, जिच्याकडे कार्ड नाही आणि पॉइंट्स हा शब्दही जिने ऐकलेला नाही, ती माझ्याइतकीच किंमत मोजून माझ्या बॅगेला हातभार लावते. रोखीत पैसे देणाऱ्याला उघडपणे थोडी सवलत मिळावी, ती पाटीवर लिहिलेली असावी आणि बिलावर छापलेली असावी, असे माझे मत त्या दिवसापासून झाले आहे.

यावर कुणी म्हणेल की रोखीचाही खर्च असतो. असतो, आणि तो मी स्वतःच्या हातांनी मोजलेला आहे. शाळा सुरू होण्याच्या आधीच्या आठवड्यात अण्णा सुट्ट्या पैशांसाठी ओळखीच्या एसटी वाहकाची वाट पाहत बसायचे. सुटे नसले की गिऱ्हाइकाच्या हातावर गोळी ठेवायची, ही सवय तेव्हाची आणि ती मला आजही अन्यायाची वाटते, कारण ती गोळी आपण परत दिली तर दुकानदार तिचे पैसे धरत नाही. चिकटपट्टी लावलेल्या नोटा वेगळ्या काढायच्या, एखादी खोटी निघाली तर मुकाट्याने सोसायची, रात्री गल्ला पन्नास रुपयांनी जुळला नाही तर जेवण लांबवून पुन्हा मोजायचा. पुढे तर दहा रुपयांची नाणी बंद झाल्याची अफवा पसरली आणि रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये सगळ्या चौदा नमुन्यांची नाणी वैध असल्याचे सांगूनही कित्येक दुकानांत ती कुणी घेईना.

रोखीचा आग्रह धरणाऱ्या दुकानदारांच्या मनात फक्त शुल्कच असते, असेही मी मानत नाही. “बिल हवे आहे का?” हा प्रश्न कशासाठी विचारतात, ते आपल्याला ठाऊक असते आणि आपण ‘नको’ म्हणतो तेव्हा आपणही त्यात सामील असतो. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात यूपीआयच्या नोंदींवरून लहान विक्रेत्यांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या, तेव्हा बेंगळुरूमधल्या काही दुकानांवरून क्यूआर कोड काढले गेले आणि ‘फक्त रोख’ अशा पाट्या लागल्या. यूपीआयवर तर शुल्क काहीच नव्हते.

उलट टोकही मला मान्य नाही. नोटाबंदीनंतर महिन्याच्या आतच, १ डिसेंबर २०१६ रोजी, ठाणे जिल्ह्यातले मुरबाड तालुक्यातले धसई हे राज्यातले पहिले रोकडरहित गाव म्हणून गाजले आणि तिथल्या दुकानदारांना कार्डाची यंत्रे दिली गेली. नोटांची टंचाई सरल्यावर तिथले व्यवहार बरेचसे रोखीकडे परतल्याच्या बातम्याही नंतर वाचल्या. ज्या गावात आठवड्याच्या बाजारात दहा-वीस रुपयांचा व्यवहार होतो, तिथे कार्ड पुढे करायला कुणाला सुचणार? शहरातल्या एका मॉलमधल्या खाण्याच्या जागी मात्र याच्या नेमके उलटे घडले. माझ्या सासूबाईंच्या हातातली शंभराची नोट घ्यायलाच तिथे नकार मिळाला, आधी आमचे कार्ड घ्या आणि त्यात पैसे भरा, असे सांगण्यात आले. सासूबाई डोशाशिवाय परत आल्या. नॉर्वेने ऑक्टोबर २०२४ पासून दुकानात रोखीने पैसे देण्याचा ग्राहकाचा हक्क कायद्याने अधिक स्पष्ट केला; आपल्याकडेही तेवढी स्पष्टता यायला हवी.

साताऱ्याचे दुकान आता धाकटा भाऊ सांभाळतो. ‘आज रोख, उद्या उधार’ ही अण्णांची पाटी अजून तिथेच आहे, तिच्याखाली क्यूआर कोड आहे आणि कार्डाचे यंत्र वर्षभर खणात पडून असते. दिवाळीत मी त्याला विचारले की वापरत नाहीस तर परत का करत नाहीस. तो म्हणाला, “जूनमध्ये लागतं, ताई. दोन मुलांच्या वह्या-पुस्तकांचं बिल चार हजारांवर जातं आणि महिनाअखेर असली की पूर्वी लोक अण्णांकडे उधारी मागायचे. आता कार्ड देतात. दोन टक्के जातात, पण वसुलीला कुणाच्या दारात उभं राहावं लागत नाही.”