अ‍ॅरे दिसत नाही म्हणून ‘क्रिएट’ चालवू नका

लिनक्सवर सॉफ्टवेअर रेड (अनेक डिस्क जोडून त्यांचा एक संच, म्हणजे अ‍ॅरे, बनवणं) वापरणाऱ्यांमध्ये एक सल्ला सर्रास फिरतो: ‘रिबूटनंतर अ‍ॅरे दिसला नाही तर त्याची नोंद उडाली समजा. त्याच डिस्क देऊन एमडीएडीएमची (mdadm, रेड सांभाळणारं साधन) क्रिएट कमांड पुन्हा चालवा. फक्त सुपरब्लॉक (डिस्कवर लिहिलेली रेडची माहिती) नव्याने लिहिला जातो, डेटाला धक्का लागत नाही.’ हा सल्ला एखाद्याच्या बाबतीत चालूनही गेला असेल. म्हणूनच तो टिकून आहे.

‘नोंद उडाली’ हे ठरवलं कुणी? आधी एमडीस्टॅट (/proc/mdstat, चालू अ‍ॅरेंची यादी) बघा. बऱ्याचदा अ‍ॅरे एमडी० ऐवजी एमडी१२७ या नावाने उभा असतो आणि एफएसटॅब (बूटवेळी काय माउंट करायचं त्याची यादी) मात्र जुनं नाव शोधत बसतं. कारण एमडीएडीएमच्या कॉन्फिग फाइलमध्ये नोंद नसते, किंवा असली तरी इनिटरॅमएफएसमध्ये (बूटच्या सुरुवातीला लोड होणारी छोटी फाइलसिस्टम) फाइलची जुनी प्रत असते. कधी अ‍ॅरे ‘इनअ‍ॅक्टिव्ह’ दिसतो, कारण एखादी डिस्क वेळेत हजर झाली नाही. तो स्टॉप करून असेंबल स्कॅन (डिस्कवरच्या नोंदी वाचून जोडणी) केला की पुष्कळदा काम होतं.

तरीही उभा राहिला नाही तर प्रत्येक डिस्कवर एक्झामिन चालवा आणि आउटपुट दुसरीकडे जपून ठेवा. ही कमांड फक्त वाचते. अ‍ॅरेचा यूयूआयडी (एकमेव ओळखक्रमांक), डिस्कचा क्रमांक, चंक (एका डिस्कवर सलग लिहिला जाणारा तुकडा), डेटा ऑफसेट (डिस्कवर डेटा जिथून सुरू होतो ती जागा), इव्हेंट काउंट (बदलांची मोजणी), सगळं त्यात मिळतं. इव्हेंट काउंटमध्ये थोडाच फरक असेल तर असेंबलला फोर्स लावता येतो. फार मागे राहिलेली डिस्क मात्र बाजूला ठेवा.

‘फक्त सुपरब्लॉक लिहिला जातो’ हे रेड ५ ला (यात एक डिस्क गेली तरी बाकीच्यांवरून डेटा परत मिळतो) तर अजिबात लागू नाही. क्रिएट केल्यावर एमडीएडीएम शेवटच्या डिस्कवर रिकव्हरी सुरू करतं, म्हणजे ती अख्खी डिस्क नव्याने लिहिली जाते. डिस्कचा क्रम चुकला असेल तर तिथला खरा मजकूर गेला. अझ्यूम क्लीन हा पर्याय लावल्याने हे लिखाण थांबतं, पण जुना सुपरब्लॉक पुसला जातोच. (‘ही डिस्क आधीच एका अ‍ॅरेचा भाग आहे’ असं कमांड स्वतः बजावते, तरी लोक होय म्हणतात!)

आणि ‘त्याच डिस्क’ दिल्याने तोच अ‍ॅरे बनत नाही. एसडीबी, एसडीसी ही डिस्कची नावं बूटगणिक बदलू शकतात. चंकचा डिफॉल्ट पूर्वी ६४ किलोबाइट होता, एमडीएडीएम ३.१ पासून ५१२ झाला. डेटा ऑफसेटही आवृत्तीनुसार बदलत गेला आहे. तो हलला तर बाकी सगळं बरोबर असूनही फाइलसिस्टम सापडत नाही. अशा अवस्थेत एफएससीके (fsck, फाइलसिस्टम तपासून दुरुस्त करणारी कमांड) चालवणं म्हणजे उरलंसुरलं घालवणं.

क्रिएटची खरी गरज क्वचित पडते. पार्टिशन न करता अख्ख्या डिस्क रेडला दिल्या आणि नंतर कशाने तरी त्यांवर जीपीटी (पार्टिशनची यादी) लिहिली, तर १.२ आवृत्तीच्या मेटाडेटाचा सुपरब्लॉक जातो. तो ४ किलोबाइटवर, म्हणजे ५१२ बाइटच्या आठव्या सेक्टरपासून असतो आणि जीपीटीच्या नोंदी सेक्टर २ ते ३३ व्यापतात. डेटा त्याच्या पुढे असल्याने शाबूत राहतो. रेड ५ मध्ये एकाच डिस्कचं असं झालं असेल तर बाकीच्यांवर डिग्रेडेड (एक डिस्क कमी ठेवून) असेंबल करून ती डिस्क पुन्हा जोडा. सगळ्यांचेच सुपरब्लॉक गेले असतील तरच क्रिएट, तेही डीएमसेटअपच्या स्नॅपशॉट ओव्हरलेवर (म्हणजे लिखाण मूळ डिस्कऐवजी दुसरीकडे जातं), अझ्यूम क्लीन लावून, क्रम, चंक आणि ऑफसेट स्वतः देऊन. मग रीड-ओन्ली माउंट करून मोठ्या फाइल उघडून बघा. चंकपेक्षा लहान फाइल क्रम चुकलेला असतानाही धड उघडू शकते.