सिंदखेडराजात ‘बघण्यासारखं काही नाही’ म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

नमस्कार. तुम्ही मनापासून चिडून, पण सविस्तर लिहिलंत, तेव्हा उत्तरही दोन ओळींत उरकत नाही.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: माझा लेख वाचून आईला आणि मुलांना घेऊन समृद्धी महामार्गावरून सिंदखेडराजाला उतरलात, राजवाडा पाहिलात, पाऊण तासात सगळं आटोपलं. आईसाठी स्वच्छतागृह शोधताना पुरेवाट झाली, मुलं कंटाळली. ‘पडक्या भिंतींचं कौतुक करून लोकांना तिकडे पाठवू नका; आधी तिथे साउंड अँड लाइट शो, बाग, बरं हॉटेल होऊ द्या,’ असा तुमचा सल्ला.

यात दोन तक्रारी एकमेकींत अडकल्यात. सोय नाही ही एक आणि पाहण्यासारखं नाही ही दुसरी. पहिलीवर मी तुमच्याच बाजूचा आहे. दुसरीवर मात्र भांडणार.

राजवाडा म्हणजे सिंदखेडचा दर्शनी भाग. जिजाऊंचा जन्म तिथला, १५९८ सालचा. त्यामुळे गाड्या तिथेच थांबतात आणि तिथूनच वळतात. पण त्यांच्या वडिलांचं, लखुजीराव जाधवांचं सिंदखेड गावभर पसरलेलं आहे. काळाकोट, रंगमहाल, नीळकंठेश्वर, पुतळा बारव, मोती तलाव, चांदणी तलाव. यातलं तुम्ही काय पाहिलंत ते लिहिलं नाहीत. पाऊण तासाच्या हिशोबावरून अंदाज येतो.

मला स्वतःला या गावात सगळ्यांत मोठं वाटतं ते पाण्याचं काम. हा सगळा मुलूख काळ्या पाषाणाचा. अखंड खडकात पाणी मुरत नाही. मुरतं ते भेगांमध्ये आणि वरच्या मुरमात. पाऊस चार महिन्यांचा. अशा ठिकाणी लष्करी माणसांचा, घोड्यांचा राबता सांभाळायचा तर तलाव बांधून पाणी अडवणं आणि बारवेत पायऱ्यांनी पाण्यापर्यंत उतरणं याला पर्याय नव्हता. मोती तलावाची भिंत नीट पाहा, वाड्याइतकाच जीव तिच्यात ओतलेला दिसतो. पुतळा बारवेत तर स्त्रीमूर्ती कोरलेल्या आहेत. पाणी भरायच्या जागेवर एवढी हौस कुणी का करावी, हा प्रश्न मुलांना विचारून बघा, दहा मिनिटं तरी गप्पा रंगतील. उन्हाळ्यात गेलात तर पाणी खाली गेलेलं असतं आणि बारवेचा जास्त भाग उघडा दिसतो. पावसानंतर तलाव पाहावेत. दोन्ही एकाच फेरीत साधत नाही.

लखुजीरावांच्या समाधीबद्दल तुमच्या प्रतिक्रियेत एक शब्दही नाही, याचं आश्चर्य वाटलं. १६२९ साली दौलताबादेत निजामशाही दरबारात त्यांची मुलांसह हत्या झाली. त्यांच्यावर उभारलेली ही भव्य इमारत एकदा आतून पाहिली की ‘पडक्या भिंती’ हे शब्द तोंडात येत नाहीत. २०२४ च्या जूनमध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची माणसं त्या परिसरात जतनाचं काम करत असताना जमिनीखालून शेषशायी विष्णूची मोठी मूर्ती निघाली. म्हणजे हे गाव अजून पुरतं उकललेलंही नाही.

आता सोयींकडे. ‘पुरातत्त्ववाले काही बांधू देत नाहीत’ हे कारण आपल्याकडे कुठल्याही जुन्या गावात ऐकायला मिळतं. ते अर्धंच खरं आहे. केंद्र संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम निषिद्ध आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते, हे २०१० च्या दुरुस्तीपासून कायद्यात आहे. पण त्याच कायद्यात ‘बांधकाम’ कशाला म्हणायचं त्याची व्याख्या दिली आहे आणि सार्वजनिक शौचालयं, मुताऱ्या, गटारं, सार्वजनिक पाणीपुरवठ्याची कामं त्या व्याख्येतून वगळली आहेत. तेव्हा स्वच्छतागृहासाठी कायद्याकडे बोट दाखवण्यात अर्थ नाही. तुम्ही मागितलेलं हॉटेल स्मारकाला खेटून होणार नाही, आणि न झालेलंच बरं.

खरी अडचण वेगळी आहे. वर्षातून एकदा, १२ जानेवारीला, जिजाऊ जयंतीला, या गावात अलोट गर्दी लोटते. आपल्याकडे सोयींचा विचार होतो तो अशाच दिवसाच्या मापाने: मोठा मंडप, मोठं मैदान, फिरती शौचालयं. आडवारी आलेल्या एका कुटुंबाला लागतं ते फार किरकोळ असतं. पाणी असलेलं स्वच्छतागृह आणि ते धुणारा पगारी माणूस. सावलीत एक बाक. आणि प्रत्येक वास्तूपाशी एक पाटी: हे काय आहे, किती वाजता बंद होतं, पुढचं ठिकाण कुठल्या गल्लीने, किती अंतरावर. या पाटीला उद्घाटनाचं नारळ-रिबिन शोभत नाही, हाच बहुधा तिचा दोष.

साउंड अँड लाइट शोबद्दल मी साशंक आहे. तो अंधार पडल्यावर चालणार आणि इथे येणारा माणूस दिवे लागायच्या आत निघतो. शिवाय यंत्रं बसवायला निधी मिळतो, बिघडलेली दुरुस्त करायला मिळत नाही. तेच पैसे गावातल्या कॉलेजच्या पोरांना चार गोष्टी शिकवून वाटाडे म्हणून उभं करायला वापरले तर बारवेपर्यंत कुणीतरी तुम्हाला घेऊन तरी जाईल. बाग हवी तर करा, पण बाग पाहायला समृद्धीवरून कोण उतरणार?

मुक्कामाचं म्हणाल तर जालना जवळ आहे, रेल्वे स्टेशनही तिथलंच सोयीचं. रात्री तिथे राहून सकाळी लवकर या, बारव आणि तलाव ऊन चढायच्या आत, मग समाधी, आणि राजवाडा शेवटी ठेवा.