एमजीबीचा क्लच : ‘इंजिन कशाला उतरवलेत?’ या प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार. माझ्या १९७२च्या एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारवरील लेखाबाबत आपण लिहिले आहे की, गेली होती फक्त क्लच प्लेट. खालून गिअरबॉक्स उतरवून ती अर्ध्या दिवसात बदलता आली असती, अख्खे इंजिन काढून चांगले चालणारे सुटे भाग बदलणे ही निव्वळ हौस झाली; फ्लायव्हील (इंजिनाच्या मागच्या टोकाची जड चकती) लेथवर घासून घेण्याचीही गरज नव्हती.

बहुतेक गाड्यांच्या बाबतीत आपले म्हणणे मी मान्य करीन. परंतु इंग्लंडमधील ॲबिंग्डन येथे तयार झालेल्या या गाडीत, इंजिन जागेवर असताना गिअरबॉक्स मागे सरकवून खाली घेण्याइतकी जागा गाडीच्या तळाच्या मधल्या बोगद्यात (ज्यात गिअरबॉक्स बसतो) नाही. त्यामुळे इंजिन एकटे किंवा गिअरबॉक्ससकट वर उचलावेच लागते.

आता ‘फक्त प्लेट’विषयी. प्लेट झिजून नव्हे, तेलाने भिजून घसरत होती. गिअरबॉक्सच्या पुढच्या आवरणाच्या तळाशी एक छिद्र असते आणि त्यात एक स्प्लिट पिन लोंबत असते. तिच्या टोकाला कित्येक आठवडे तेलाचा थेंब दिसत होता. हे तेल कोठून येते, हे वासावरून कळत नाही, कारण या गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स या दोन्हींत २०डब्ल्यू-५० हेच तेल घालतात. इंजिन सुटे केल्यावर फ्लायव्हीलमागची बाजू ओली आणि गिअरबॉक्सचे तोंड कोरडे दिसले, तेव्हा कुठे क्रँकचे (इंजिनातल्या फिरणाऱ्या मुख्य दांड्याचे) मागचे ऑईल सील, म्हणजे तेल अडवणारी कडी, गेल्याची खात्री पटली. ते तसेच ठेवून नवी प्लेट बसवली असती, तर तीही भिजलीच असती.

पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारे रिलीज बेअरिंग येथे गोळ्यांचे नसून कार्बनच्या कड्याचे असते. पेडलवर पाय ठेवून गाडी चालवण्याच्या सवयीने ते भराभर झिजते, आणि ती सवय मला आहे, हे कबूल करतो. त्या बेअरिंगला ढकलणाऱ्या फोर्कचा बुश (झीज सोसणारी धातूची छोटी नळी) आणि क्रँकच्या टोकातला बुश हेही इंजिन उतरवल्याशिवाय हाताला लागत नाहीत. खर्च भागांचा थोडा आणि उतरवण्याचा मोठा, म्हणून सगळे एकदमच बदलले. पेडलजवळची, पेडल आणि दांडी जोडणारी क्लेव्हिस पिन मात्र केव्हाही बदलता येते. तिचे भोक लांबट झाले की क्लच पुरता सुटत नाही, कारण या हायड्रॉलिक रचनेत तो ताणून घेण्याची सोयच नाही.

फ्लायव्हीलबाबत आपण बरोबर आहात. त्यावर तापल्याचे निळे डाग नव्हते, चरेही नव्हते. लेथवर फेस मारून (पृष्ठभाग घासून सपाट करून) घेण्याचे पैसे मी वाया घालवले.